जुनेराची दिवाळी
(प्रस्तावना)

नऊवारी लुगडं म्हणजे २७ फूट कापड. त्याचे चार सारखे भाग केले की एकेक भाग पावणेसात फुटांचा होतो. पन्हा असतो पावणेचार ते चार फूट. हे चार भाग एकावर एक अंथरले की एका माणसाला पुरेल असं पांघरूण समोर तयार असतं. कडा आत मुडपल्या तरी उंच मुलाचे पाय उघडे पडत नाहीत. सहावारीचे तीन भाग केले तर सहा-सहा फुटांचे तीन पदर मिळतात, म्हणजे दहा-बारा वर्षांच्या मुलासाठी हलकी गोधडी. हा हिशेब मी शिवणकामाच्या कुठल्याही पुस्तकात वाचलेला नाही. ज्या बायकांनी तो पिढ्यान्‌पिढ्या वापरला, त्यांतल्या बहुतेकींनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. पण आपल्याकडच्या गोधडीचं माप, जाडी आणि वजन ठरलं ते लुगड्याच्या लांबीवरून, म्हणून या पुस्तकाची सुरुवातही तिथूनच.

दिवाळीत आपल्या मुलांना द्यायला घरी, हाताने गोधडी शिवू पाहणाऱ्यांसाठी हे पुस्तक आहे. मुलं अजून मांडीवर असतील, होस्टेलवर गेलेली असतील, संसाराला लागलेली असतील किंवा परदेशी स्थिरावली असतील. पुस्तकाला त्याने फरक पडत नाही. माझं म्हणणं थोडक्यात असं आहे: मुलांसाठी गोधडी शिवायची तर ती घरात वापरून मऊ झालेल्या कपड्यांचीच शिवावी, आणि द्यायची तर रोज अंगावर घ्यायला द्यावी. बाजारातून नवं छापील कापड आणून मशीनवर शिवलेली गोधडीही देखणी होते. तिला माझा विरोध नाही. पण ती कुणीही कुणासाठीही शिवू शकतं. जुनेराची गोधडी मात्र एका घरातून निघते आणि त्याच घरातल्या माणसाकडे जाते.

जुनेर का, याची कारणं आधी कापडाकडूनच समजून घेऊ. नव्या सुती कापडात खळ असते, ते अंगाला ताठ लागतं. पहिल्या काही धुण्यांत ते आटतं आणि त्याचा रंग सुटतो. चार नव्या कापडांची गोधडी शिवली आणि पहिल्याच धुण्यात प्रत्येक पदर आपापल्या परीने आटला, की टाके ओढले जातात, मधे सुरकुत्या पडतात आणि कडा वाकड्या होतात. दहा वर्षं नेसलेलं लुगडं आटायचं तेवढं केव्हाच आटलेलं असतं. त्याचा रंग जायचा तेवढा गेलेला असतो. धुण्याच्या दगडावर आपटून आपटून त्याचा धागा सैल आणि मवाळ झालेला असतो, आणि अशा चार पदरांमध्ये हवा छान अडकून राहते. ऊब या अडकलेल्या हवेची असते, कापडाच्या वजनाची नव्हे. म्हणून चांगली गोधडी जड न होताही उबदार असते. उकडायला लागलं तर तीच घाम टिपून घेते. जाड ब्लँकेटमध्ये मूल रात्री तीनदा लाथा मारून पांघरूण उडवतं, गोधडीत गाढ झोपतं. हे ज्यांनी मुलं वाढवली आहेत त्यांना मी वेगळं सांगायला नको.

बाळाच्या बाबतीत तर आपल्याकडे जुनं कापड हा नियमच होता. अनेक घरांत नव्या जिवाला पहिले काही दिवस नवं कापड लावतच नसत. आजीच्या लुगड्याचं किंवा आजोबांच्या धोतराचं धडपं आधीपासून धुऊन ठेवलेलं असे. म्हाताऱ्या माणसाचं आयुष्य बाळाला लाभावं ही त्यामागची भावना, आणि कोवळ्या कातडीला मऊ कापड हवं ही त्यामागची समज. बाळंतविड्यातल्या झबल्या-टोपड्यांबरोबर दोन-तीन दुपटी असतच. अमेरिकेत लेकीच्या बाळंतपणाला निघालेली आई २३ किलोंच्या बॅगेत डिंकाच्या लाडवांशेजारी दुपट्यांसाठी आजही जागा काढते. (एक सूचना इथेच द्यायला हवी. वर्षाच्या आतल्या बाळावर झोपेत जड किंवा सैल पांघरूण घालू नये, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. म्हणून या पुस्तकातलं दुपटं दोनच पदरांचं आहे, आणि ते जागेपणी खाली अंथरायला किंवा मांडीवर बाळाला गुंडाळून घ्यायला आहे.)

आता दिवाळीच का, हे सांगते. गोधडीचं वर्ष आणि शेतीचं वर्ष एकमेकांत गुंतलेली होती. सुगी आटोपली की चैत्र-वैशाखात कुरडया, पापड, शेवया, सांडगे ही उन्हाळकामं निघत आणि त्यांच्याच जोडीने गाठोड्यातलं जुनेर बाहेर येई. कडक उन्हात ते धुऊन वाळे, दुपारच्या सावलीत चार जणी जमून टाके घालत. पाऊस सुरू झाला की शेतातून सवड नसे. मग भाद्रपद सरता सरता, घट बसायच्या आधी, घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण नदीवर, ओढ्यावर नाहीतर कालव्यावर जाई. सांगली-कोल्हापूर-सोलापूर भागात याला 'दसरा काढणं' म्हणतात. बैलगाडीत, पुढे टेम्पोत, वाकळांचे, म्हणजे गोधड्यांचे, ढीग लादलेले, काठावर बायकांची झुंबड आणि भिजलेली वाकळ पिळायला दोन टोकांना दोघी. एकटीला ती पिळवत नाही, भिजल्यावर तिचं वजन कितीतरी पटींनी वाढतं. ज्या घरात दसरा निघाला त्या घरात जुन्या गोधड्या धुऊन-वाळून घडी होत आणि नव्या गोधडीवर शेवटचा हात फिरे.

त्यानंतर दिवाळी. लेकी माहेरी येतात ती हीच वेळ. (खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेलाही लेकी माहेरी येतात आणि तो सण तिथे दिवाळीइतकाच मोठा; तिकडच्या वाचकांनी आपलं वेळापत्रक त्याप्रमाणे बदलून घ्यावं.) नरकचतुर्दशीच्या पहाटे मूल थंडीत कुडकुडत पाटावर बसतं, तेल-उटणं होतं, कढत पाण्याने न्हाऊन निघतं, आणि त्याला गुंडाळायला काहीतरी हवं असतं. महाराष्ट्राच्या बऱ्याच भागांत खरी थंडी पडायला लागते तीही याच सुमारास. आठ दिवसांत मोडणाऱ्या खेळण्यापेक्षा, किंवा मुलाच्या अंगाला पुढच्या वर्षी तोकड्या पडणाऱ्या कपड्यांपेक्षा, त्याच रात्रीपासून उपयोगी पडणारी आणि मूल वाढलं तरी पुरणारी वस्तू दिवाळीला देणं मला अधिक शहाणपणाचं वाटतं. नवे कपडे द्यावेतच, सणाला नवं कापड हवंच. पण त्या नव्याच्या शेजारी घरातलं सगळ्यांत जुनं कापडही असावं.

इथे एक अडचण आहे आणि ती मोठी आहे. जुनेर आता घरात नाही.

गोधडीचा कच्चा माल म्हणजे जाडंभरडं सुती लुगडं, धोतर, मांजरपाट. हे कापड हातमागांवर विणलं जाई, आणि विसाव्या शतकात फार मोठ्या प्रमाणावर मुंबईच्या गिरण्यांत. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले. त्यानंतर कित्येक गिरण्यांचे भोंगे पुन्हा वाजलेच नाहीत. कापड भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांकडे गेलं. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने कृत्रिम धाग्याला मोकळी वाट दिली आणि पॉलिएस्टरची साडी खेड्यातल्या आठवडी बाजारापर्यंत पोहोचली. ती स्वस्त होती, चटकन वाळायची, इस्त्री लागत नसे आणि वर्षानुवर्षं विटत नसे. दिवसभर शेतात राबून घरी येऊन धुणं धुणाऱ्या बाईने ती आनंदाने नेसली, आणि तिला नावं ठेवण्याचा हक्क कुणालाच नाही. पण तिची गोधडी होत नाही. पदर एकमेकांवरून घसरतात, टाका त्यात बसत नाही, घाम टिपला जात नाही आणि थंडीत ती अंगाला गार लागते. आईच्या पेटीत साड्या पन्नास असतात आणि त्यांतल्या गोधडीच्या उपयोगाच्या दोन निघतात, ही आजची स्थिती आहे.

त्याच काळात पानिपतची ब्लँकेटं स्वस्त झाली, फोमच्या गाद्या आल्या, आणि दाराशी येऊन 'गोधडी शिवायची का' म्हणून विचारणाऱ्या बायांचं येणं विरळ झालं. सोलापुरी चादर तेवढी टिकली, आणि तिची गोष्ट पुढे येणार आहे, कारण फाटलेली सोलापुरी चादर ही आजच्या गोधडीसाठी सगळ्यांत चांगली मधली घडी आहे.

म्हणून या पुस्तकातलं पहिलं प्रकरण शिवण्याचं नसून शोधण्याचं आहे. सुती कापड घरात अजूनही असतं, फक्त ते साडीच्या रूपात नसतं. विटलेल्या चादरी आणि उशांचे अभ्रे, सुती ओढण्या, वडिलांचे पंचे आणि लुंग्या, कुर्ते, बाह्या फाटलेले शर्ट, लहान झालेले फ्रॉक, घरी पडून असलेले खणाचे तुकडे. कापड सुती आहे की नाही याची खात्री नसेल तर कडेचा एक धागा ओढून काढा आणि पितळी ताटात धरून पेटवा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि त्याची राख बोटाने चुरता येते. पॉलिएस्टरचा धागा आक्रसतो, वितळतो आणि त्याचा कडक मणी होतो. शाळेच्या गणवेशात बहुधा दोन्हींची भेसळ असते. तो आत घालू नये, पण मुलाचं मन त्या गणवेशात असेल तर एखादा खिसा वरच्या पदराला ठिगळासारखा जरूर लावावा. टी-शर्टचं कापड ताणलं जातं, ते नवशिक्यांनी पहिल्या गोधडीत घेऊ नये.

कुणाचं कापड कुणाच्या गोधडीत जातं, याचा विचार जुन्या बायका फार बारकाईने करत. मधे आजोबांचं धोतर, वरच्या बाजूला आईचं इरकल, कडेला जरीचा नाही पण रंगाचा पक्का काठ. फाटण्याची भीती काठाला कमी, म्हणून तो हाताशी येणाऱ्या कडेला. अंगाला लागणारी खालची बाजू सगळ्यांत मऊ. यात सौंदर्यदृष्टी आहे आणि व्यवहारही आहे, दोन्ही एकाच हाताने. मुलासाठी शिवताना मी यात एका गोष्टीची भर घालेन: त्या मुलाचं स्वतःचं काहीतरी त्यात असू द्या. त्याचं पहिलं झबलं, तिचा परकर. मुलं आपला तुकडा शोधून काढतात आणि झोपताना त्यावर हात ठेवतात.

आता कामाबद्दल. गोधडीचा टाका म्हणजे साधा धावदोरा, शिवणातला सगळ्यांत सोपा टाका. पाच मिनिटांत कुणालाही शिकवता येतो. अवघड आहे ते पदर सारखे अंथरणं आणि शेवटपर्यंत सारखे ठेवणं. जमीन झाडून-पुसून कोरडी करायची, खालचा पदर उलटा अंथरायचा, त्यावर मधले, वर शेवटचा. प्रत्येक पदर हाताने मधून कडेकडे सारत जायचा. चारी कोपऱ्यांवर वजन हवं. पूर्वी पाटा-वरवंटा असे, आज पाण्याने भरलेले डबे चालतात. मग मधून आडवे-उभे लांब कच्चे टाके घालायचे. हे टाके पुढे काढून टाकायचे असतात म्हणून लोक ते घालण्याचा कंटाळा करतात, आणि इथेच गोधडी बिघडते. कडेपासून फेऱ्या घेत आत येताना प्रत्येक फेरीबरोबर कापड थोडं थोडं पुढे सरकतं. कच्चे टाके नसतील तर हे सगळं सरकलेलं कापड मधोमध फुगवट्यासारखं जमा होतं, आणि मग तो फुगवटा काही केल्या बसत नाही.

सुई मोठ्या नेढ्याची घ्यावी, पण दाभण नको; दाभणाने जुन्या कापडाला भोकं पडतात. दोरा सुती आणि जाडसर. तो हातभरच घ्यावा. वारंवार सुई ओवायला नको म्हणून लांब दोरा घेण्याचा मोह होतो, पण लांब दोरा गुंततो आणि शेकडो वेळा कापडातून घासून जाताना झिजून तुटतो. मेणाच्या तुकड्यावरून एकदा ओढून घेतला की तो सरळ राहतो. मधल्या बोटात अंगुस्तान हवंच, चार पदरांतून सुई रेटायला बोटाचं टोक पुरत नाही. दोन ओळींत एका बोटाचं अंतर. पहिल्या दिवशी टाके वाकडे येतील. येऊ द्या. वाकडा टाका पदर धरून ठेवण्याचं काम सरळ टाक्याइतकंच चोख करतो.

काम किती आहे, हे आधी कळलेलं बरं. सुरुवातीला सांगितलेल्या मापाची चार पदरी गोधडी, हिशेबापुरत्या सरळ ओळी आणि ओळींत दोन सेंटिमीटरचं अंतर धरलं तर साधारण ५७ ओळी होतात. प्रत्येक ओळ दोन मीटरांहून जरा मोठी. म्हणजे एका गोधडीत ११५ मीटरांवर शिवण, आणि इंचाला दोन टाके धरले तर नऊ हजारांवर टाके. कमरेला, गुडघ्यांना आणि डोळ्यांना हे काम जाणवतं. रोज उजेडात थोडा वेळ, भिंतीला पाठ टेकून, असं केलं तर ते होतं. दिवाळीच्या तोंडावर रात्री जागून होत नाही. म्हणून मी कापड वैशाखात धुवायला सांगते आणि टाके पावसाळ्यात घालायला. धुण्याला ऊन लागतं, टाक्यांना घरात बसणं.

हा आकडा सांगण्यामागे आणखी एक हेतू आहे. गावोगावी बचत गटांतल्या बाया आज विकण्यासाठी गोधड्या शिवतात. प्रदर्शनात त्यांच्या समोर उभं राहून किमतीत घासाघीस करणारी माणसं मी पाहते तेव्हा मला राग येतो. नऊ हजार टाके स्वतः घालून पाहिलेला माणूस असं करणार नाही. या पुस्तकाने एवढं जरी साधलं तरी ते कामी आलं असं मी समजेन.

जुन्या कापडाचे पदर धावदोऱ्याने जोडून मुलांसाठी पांघरूण करणं हे काही आपलंच नाही. बंगालची कांथा, बिहारची सुजनी, उत्तर कर्नाटकातली कौदी, सिंध-कच्छकडची रल्ली ही सगळी याच कुळातली. कांथा शिवताना रंगीत दोरा बाजारातून न आणता जुन्या साडीच्या काठातूनच ओढून काढत. बौद्ध भिक्षूंचं चीवरही तुकडे जोडूनच करण्याचा नियम आहे; मगधातल्या भातखाचरांच्या आखणीसारखी त्याची जोडणी आनंद या बुद्धशिष्याने केली असं विनयपिटक सांगतं.

पण मला थांबावंसं वाटतं ते दोन ठिकाणी. पहिलं आपल्या शेजारचं. उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हळियाळ, मुंडगोड या तालुक्यांत सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतले. त्यांतल्या अनेकांना पोर्तुगिजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणलं आणि तिथून निसटून ते घाटावरच्या जंगलात आले. त्यांच्या घरची बोली आजही कोकणीच्या जवळची आहे. हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती अशा तिन्ही धर्मांचे सिद्दी आहेत, आणि तिन्हींकडच्या बायका एकाच पद्धतीची गोधडी शिवतात. तिला त्या कवंदी म्हणतात. कोपऱ्यापासून सुरुवात करून कडेकडेने फेऱ्या घेत त्या मध्यापर्यंत येतात, आणि चारी कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांची छोटी 'फुलां' लावतात. फुलं नसतील तर कवंदी उघडी राहिली असं त्यांना वाटतं. नातवंडांच्या कवंदीवर तर रंगीत तुकड्यांची उधळण असते. ज्यांच्यापासून देश, भाषा, नाव सगळं हिरावून घेतलं गेलं, त्यांनी चिंध्यांतून स्वतःचं असं काही उभं केलं, याचा मला अतिशय आदर वाटतो.

दुसरं ठिकाण अमेरिकेतलं. अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर जीज बेंड नावाची वस्ती आहे. तिथली माणसंही गुलामांची वंशज. शेतावरच्या मजुरीत झिजलेल्या पँटी आणि शर्टांचे तुकडे जोडून तिथल्या बायका पोराबाळांसाठी पांघरुणं शिवत, कारण लाकडी घरांच्या फटींतून वारा येई. १९४२ साली मिसूरी पेटवे या बाईने नवरा वारल्यावर त्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली, त्याच्या आठवणीत तिच्याखाली झोपता यावं म्हणून. २००२ मध्ये या गोधड्यांचं प्रदर्शन ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात भरलं, मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात, आणि समीक्षकांनी त्यांची तुलना आधुनिक चित्रकलेशी केली. २००६ मध्ये त्यांवर टपाल तिकिटं निघाली. चित्रांच्या भिंतीवर लागलेल्या या गोधड्यांच्या शेजारी शिवणारीचं नाव लिहिलेलं होतं, ही गोष्ट मला त्या सगळ्या कौतुकापेक्षा मोठी वाटते.

आपल्याकडे गोधडी शिवणारीचं नाव असं नोंदवलं गेलेलं नाही. जात्यावरच्या ओव्यांच्या बाबतीत हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हाँ यांनी केवढं काम केलं! खेडोपाडी फिरून लाखावर ओव्या जमवल्या, आणि ओवी कुणी गायली, कुठल्या गावात गायली याची नोंद ठेवली. त्याच बायकांच्या हातच्या गोधड्या मात्र वापरून वापरून संपल्या, शेवटी पोतेरं झाल्या, आणि कुणाच्या हातच्या होत्या हे घरातल्या माणसांनाही सांगता येत नाही. गोधडी वापरून संपावी यातच तिचं सार्थक आहे. पण शिवणारी विसरली जावी असा काही नियम नाही. म्हणून माझा आग्रह आहे, शेवटच्या फेरीआधी एका कोपऱ्यात तुमचं नाव, मुलाचं नाव आणि साल दोऱ्याने लिहा. जुन्या बायकांना संकोच वाटतो. त्यांच्या मुलांनी त्यांच्याकडून ते करून घ्यावं.

आणखी एक बोलायला हवं, कारण ते न बोलता गोधडीचं कौतुक करणं खोटेपणाचं होईल. आपल्यातल्या पुष्कळांसाठी गोधडी ही हौस कधीच नव्हती. नवं पांघरूण घ्यायला पैसे नव्हते म्हणून ती होती. एका वाकळेखाली चार भावंडं झोपत, कडेचा थंडीने कुडकुडत असे, पावसाळ्यात ती ओली आणि कुबट राही. गाडगे महाराजांनी (१८७६–१९५६) अंगावर चिंध्या पांघरल्या आणि हातात खराटा घेतला, ती त्यांनी जाणून केलेली निवड होती. बाकीच्यांना निवड नव्हती. ज्यांनी ते दिवस काढले त्यांनी पहिला पगार मिळाल्यावर घरातल्या वाकळा काढून टाकून ब्लँकेट आणलं असेल तर ते मला पूर्ण समजतं. त्यांनी परत गोधडीकडे यावं असा माझा मुळीच हट्ट नाही. पण त्या वाकळा शिवणाऱ्या त्यांच्या आईने उपलब्ध चिंध्यांतून मुलांना ऊब मिळेल असं काहीतरी नेटकं, रंग जुळवून केलं होतं. ते कसब गरिबीचं नव्हतं, तिचं होतं. ते शिकावं, इतकंच.

हे कसब लेकीसुनांनीच शिकावं असंही कुठे ठरलेलं नाही. गावोगावचे शिंपी पुरुषच होते. मुलगा असो वा मुलगी, प्रत्येकाला गोधडी मिळावी आणि प्रत्येकाला टाका यावा. सुई ओवून देणं हे तर पूर्वीपासून घरातल्या लहान मुलांचंच काम. त्यांचे डोळे तीक्ष्ण असतात; दुपारी निजण्याआधी आजी त्यांच्याकडून चार-पाच सुया ओवून उशीत टोचून ठेवे. ज्या मुलासाठी गोधडी शिवायची त्यालाच जवळ बसवून सुया ओवायला लावा, आणि थोडा मोठा असेल तर एक ओळ त्याला घालू द्या. भेट गुप्त ठेवून दिवाळीच्या दिवशी चकित करण्याची रीत अलीकडे आली आहे. गोधडीला ती लागू पडत नाही. चार-पाच महिने घरात अंथरलेली वस्तू लपवायची कशी? आणि लपवावी तरी का? ती आपल्यासाठी वाढते आहे हे मुलाला रोज दिसावं, यातच या भेटीचं अर्धं सुख आहे.

दूर राहणाऱ्या मोठ्या मुलांच्या बाबतीत एक गोष्ट आवर्जून सांगते. ती गोधडी घेतात, डोळे भरून येतात, फोटो काढतात आणि खराब होईल म्हणून कपाटात वरच्या खणात ठेवून देतात. त्यांना तसं करू देऊ नका. सुती गोधडी बंद कपाटात पडून राहिली की तिला दमट वास येतो, घड्यांवर ती विरते, कसर लागते. वापरात असलेली, वर्षातून दोन-तीनदा धुऊन कडक उन्हात वाळवलेली गोधडी अधिक टिकते. फाटली तर त्या जागेवर ठिगळ लावून पुन्हा टाके घालता येतात, आणि वरचा पदर विरला तर जुन्या गोधडीलाच मधली घडी करून तिच्यावर नवे पदर चढवता येतात. हे कसं करायचं यावर शेवटचं प्रकरण आहे, ते मुलांना वाचायला द्या.

पुस्तकात तीन मापं दिली आहेत: दोन पदरी दुपटं, मुलांची तीन पदरी आणि मोठ्यांची चार पदरी. प्रत्येकाला किती कापड आणि किती दोरा लागतो याचा तक्ता त्या त्या प्रकरणाच्या सुरुवातीला आहे. आकृत्यांकडे पाहत पाहतच काम करावं, आधी पूर्ण वाचून मग सुरुवात करण्याची गरज नाही. दिवाळी जवळ आलेली असताना हे पुस्तक हातात पडलं असेल तर मोठ्या गोधडीचा हट्ट धरू नका. तीन फुटांचं दुपटं किंवा मुलाच्या मांडीवर घ्यायला पुरेल एवढं छोटं पांघरूण शिवा आणि मोठीसाठी पुढच्या वैशाखाची वाट पाहा. आणि घरात अजून शिवणारी आई, आजी, मावशी, आत्या कुणी असेल, तर पुस्तक बाजूला ठेवून आधी तिच्याजवळ जाऊन बसा. तिची पद्धत इथे दिलेल्या पद्धतीहून वेगळी निघाली तर तिचीच वापरा.